सोसायटीने किरणोत्सार मोजण्याचे यंत्र विकत घ्यावे का?

चेंबूरची सचिव

नमस्कार. चेंबूर येथील 84 सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेची मी सचिव आहे. येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेपुढे एका ज्येष्ठ सभासदांनी असा ठराव ठेवला आहे की, संस्थेच्या निधीतून किरणोत्सार मोजण्याचे एक यंत्र, ज्याला गायगर काउंटर म्हणतात ते, ऑनलाइन मागवावे आणि आठवड्यातून एकदा इमारतीत येणारे दूध, मासळी व टाकीतील पाणी त्याने तपासून निकाल सूचनाफलकावर लावावा.

या ठरावाचे मूळ आमच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरणाऱ्या एका संदेशात आहे. जपानने फुकुशिमाच्या अणुकेंद्रातील पाणी समुद्रात सोडल्यामुळे आता दहा वर्षे समुद्रातील मासे खाऊ नयेत, असे त्यात लिहिले आहे. त्याखाली कोणीतरी तारापूरच्या अणुकेंद्राचा नकाशा जोडून, तेथे तसाच अपघात झाला तर मुंबई रिकामी करावी लागेल, अशी भर घातली. आमच्या गच्चीवरून ट्रॉम्बेची टेकडी दिसते, जिच्याजवळ भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, त्यामुळे हा विषय निघाला की लोक लगेच खिडकीकडे पाहतात. परिणाम असा झाला की तीन-चार घरांनी मासळी बंद केली आहे, एका तरुण आईने मुलाचे दूध बदलून पावडर सुरू केली आहे, आणि एका काकांनी आयोडीनयुक्त मिठाच्या वीस पिशव्या भरून ठेवल्या आहेत.

मी स्वतः वाणिज्य शाखेची आहे. लोकांची भीती हसण्यावारी नेणे मला योग्य वाटत नाही, कारण चेर्नोबिल आणि फुकुशिमा येथील अणुकेंद्रांचे अपघात खरे आहेत आणि दोन्ही वेळी सामान्य माणसाला उशिरा कळले. मात्र संस्थेचे पैसे खर्च करण्यापूर्वी एवढे समजून घ्यायचे आहे की, असे यंत्र दूध आणि मासे तपासू शकते का, आणि खरोखर अपघात झालाच तर मुंबईतल्या माणसाने कोणत्या गोष्टीची काळजी करावी.

राखेचा माणूस

सचिवबाई, मी तीस वर्षे पर्यावरणातील किरणोत्सार मोजण्याच्या कामात होतो आणि आता निवृत्त आहे. दूध, गवत, पालेभाजी, मासे, खाडीचा गाळ आणायचा, वाळवायचा, भट्टीत जाळून राख करायची आणि ती मोजायची, हे आमचे काम होते. म्हणून यंत्राबद्दल आधी लिहितो.

तुमचे सभासद जे यंत्र मागवणार आहेत ते आजूबाजूच्या प्रारणाची, म्हणजे किरणांची, पातळी दाखवते, साधारणपणे तासाला इतके मायक्रोसिव्हर्ट अशा एककात; सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या मात्रेचे एकक आहे. अन्नातील किरणोत्सार मात्र बेकेरेलमध्ये मोजतात. एका सेकंदाला एक अणू फुटला तर तो एक बेकेरेल, इतके हे एकक बारीक आहे. जपानने एप्रिल 2012 पासून सर्वसाधारण अन्नातील सीझियमसाठी, म्हणजे अणुअपघातात बाहेर पडणाऱ्या एका किरणोत्सारी पदार्थासाठी, किलोमागे 100 बेकेरेल ही मर्यादा ठेवली आहे; दुधासाठी 50 आणि पिण्याच्या पाण्यासाठी 10. आता हे पाहा की कुठल्याही स्वच्छ माशात नैसर्गिक पोटॅशियम असतेच, आणि त्यातील पोटॅशियम-40 मुळे प्रत्येक किलो मासळीत सुमारे 100 बेकेरेल किरणोत्सार सृष्टीच्या आरंभापासून आहे. तुमच्या-माझ्या शरीरात तर तो चार हजारांच्या आसपास आहे. घरगुती यंत्रासमोर मर्यादेच्या काठावरची सुरमई आणि निर्मळ सुरमई शेजारी ठेवल्या, तरी काट्याला फरक कळणार नाही. तो कळण्यासाठी द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेला जर्मेनियमचा शोधक लागतो, त्याभोवती शिशाची जाड भिंत लागते आणि नमुना कित्येक तास आत ठेवावा लागतो. आमच्याकडे संध्याकाळी लावलेला नमुना सकाळी काढत असू.

याउलट यंत्र नको तेथे वाजेल. मुंबई काळ्या पाषाणावर वसलेली असल्यामुळे येथील नैसर्गिक प्रारण मुळात कमी आहे. तुमच्या लिफ्टसमोर ग्रॅनाइट बसवलेला असेल तर त्या फरशीवर आकडा चढेल, आणि ठराव मांडणारे काका त्या दिवशी जिना चढू लागतील. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, जे 1963 पासून चालू आहे, थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार घेऊन एखादा शेजारी घरी आला तर त्याच्या दारापाशीही यंत्र ओरडेल. तो बिचारा आधीच आजारी असेल. त्याचे नाव सूचनाफलकावर लागावे असे तुम्हाला वाटणार नाही.

आता फुकुशिमाचे पाणी. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने तेथील वीज गेली, तीन अणुभट्ट्यांचे इंधन वितळले, आणि ते थंड ठेवण्यासाठी वापरलेले पाणी हजाराहून अधिक टाक्यांत साठत गेले. हे पाणी गाळून त्यातील सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे बहुतांश काढले जाते. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, मात्र काढता येत नाही, कारण तो पाण्याच्या रेणूचाच भाग असतो. पाण्यातून पाणी कसे गाळणार? म्हणून ते समुद्राच्या पाण्यात मिसळून, लिटरला 1,500 बेकेरेलच्या आत आणून, 24 ऑगस्ट 2023 पासून टप्प्याटप्प्याने सोडले जात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील ट्रिटियमसाठी दिलेला मार्गदर्शक आकडा लिटरला 10,000 बेकेरेल आहे. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे असतात की ते यंत्राच्या नळीच्या आतच शिरू शकत नाहीत. म्हणजे ज्या पाण्याच्या भीतीने यंत्र घ्यायचे, त्यातील मुख्य पदार्थ त्या यंत्राला दिसतच नाही.

फुकुशिमाच्या किनाऱ्यावरून जाणारा सागरी प्रवाह पूर्वेकडे, प्रशांत महासागराच्या पोटात जातो. आपला बोंबील, मांदेली आणि बांगडा अरबी समुद्रातले आहेत. खुद्द त्या अणुकेंद्राच्या बंदरात मे 2023 मध्ये पकडलेल्या एका खडकमाशात किलोमागे 18,000 बेकेरेल सीझियम सापडले होते, हे मी लपवत नाही. पण तो मासा केंद्राच्या पायाशी, दूषित गाळावर वाढलेला होता आणि बाजारासाठी नव्हता. तुलनेसाठी एक हिशेब करून ठेवा. मर्यादेच्या बरोबर काठावरचा, म्हणजे 100 बेकेरेलचा मासा एखाद्याने दर आठवड्याला एक किलो असा वर्षभर खाल्ला, तर त्याला मिळणारी मात्रा सुमारे 0.07 मिलिसिव्हर्ट होते. निसर्गाकडून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतच असतात.

परळचा वैद्य

मिठाच्या वीस पिशव्यांबद्दल लिहिणे मला भाग आहे, कारण असे प्रश्न दवाखान्यातही येतात.

अणुभट्टीचे इंधन फुटले की आयोडीन-131 बाहेर पडते. शरीर त्याला नेहमीचे आयोडीन समजून थायरॉइड ग्रंथीत साठवते. त्याआधीच ग्रंथी स्थिर आयोडीनने भरून टाकली तर किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही, हे पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीचे तत्त्व आहे. प्रौढाची मात्रा 130 मिलिग्रॅम असते आणि तिच्यात 100 मिलिग्रॅम आयोडीन असते. आपल्याकडच्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती येताना किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. म्हणजे एका गोळीइतके आयोडीन मिळवण्यासाठी एका बैठकीत साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल, आणि माणूस किरणोत्साराच्या कितीतरी आधी मिठानेच दगावेल. मार्च 2011 मध्ये चीनमध्ये मिठासाठी अशीच झुंबड उडाली होती. त्याच सुमारास आशियात फिरलेल्या एका खोट्या संदेशात गळ्यावर बीटाडीन लावायला सांगितले होते; त्याचाही उपयोग नाही, आणि ते पिण्याचा प्रयोग तर कोणी करूच नये.

गोळीलाही वेळ असते. दूषित हवा येण्याच्या आधीच्या चोवीस तासांत किंवा आल्यानंतरच्या दोनेक तासांत ती घेतली तर खरा फायदा होतो, आणि तोही मुले, गर्भवती व स्तनदा माता यांना सर्वाधिक. चाळिशीपुढच्यांना फारसा नाही. सीझियमवर तिचा काडीइतका परिणाम होत नाही. 1986 मध्ये पोलंडने सुमारे 1 कोटी 5 लाख मुलांना स्थिर आयोडीन दिले, ते सरकारी यंत्रणेमार्फत आणि ठरलेल्या वेळी. घरच्या घरी, अफवा ऐकून गोळी घेतल्यास थायरॉइडचे विकार असलेल्यांना त्रास होऊ शकतो.

त्या तरुण आईला मात्र माझ्याकडून सांगा की तिची शंका योग्य जागी आहे, फक्त वेळ चुकीची आहे. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉइडचे जे कर्करोग झाले, त्यांचे मोठे कारण पहिल्या काही आठवड्यांतले ताजे दूध होते: गवतावर आयोडीन पडले, ते गाईने खाल्ले आणि मुलाने प्यायले. आज मुंबईत दूध बदलण्याचे कारण नाही. अपघात झालाच तर पहिल्या दिवसापासून ताजे दूध थांबवणे हा गोळीइतकाच मोठा उपाय आहे, आणि आधीची साठवलेली पावडर तेव्हा उपयोगी पडेल. आयोडीन-131 चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, आठ दिवसांचे असल्यामुळे ऐंशी दिवसांत ते हजारांश उरते.

गिरगावकर, वय 71

दुधाचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो, जी आजच्या तरुणांना ठाऊक नसेल. चेर्नोबिलचा किरणोत्सार मुंबईकरांच्या वादात शिरला तो लोण्याच्या रूपाने.

त्या काळी देशातला दूधपुरवठा वाढवण्याच्या ऑपरेशन फ्लड योजनेसाठी युरोपातून दूध भुकटी आणि लोणी देणगी म्हणून येत असे आणि त्यांपासून मोठ्या शहरांसाठी दूध पुन्हा बनवले जाई. 26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिल फुटले, युरोपभर पाऊस पडला, आणि नंतर आयर्लंडहून आलेले लोणी मुंबईत पोहोचल्यावर लोकांनी विचारले की या लोण्यात काय आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिने ते लोणी मनुष्याच्या खाण्यास निर्धोक असल्याचा अभिप्राय दिला आणि 1988 मध्ये याचिका फेटाळली गेली.

मी तेव्हा बँकेत कारकून होतो. आमच्या चाळीतल्या बायका दूधकेंद्राच्या रांगेत उभ्या राहून यावर रोज चर्चा करीत. अर्ध्या म्हणत की निकाल लागला म्हणजे झाले, अर्ध्या म्हणत की साहेबांना आधी खाऊन दाखवू दे. माझी आई दुसऱ्या पक्षाची होती. पुष्कळ वर्षांनी एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला सांगितले की सीझियम पाण्यात विरघळते, स्निग्धांशात नाही. त्यामुळे दूषित दुधाचे लोणी काढले तर बहुतेक सीझियम ताकात जाते. दुधाच्या पदार्थांपैकी लोणी सर्वांत कमी धोक्याचे होते! हे एक वाक्य तेव्हा दूधकेंद्राच्या फळीवर खडूने लिहून ठेवले असते, तर अर्धी रांग शांत झाली असती असे मला आजही वाटते. माझी आई झाली नसती, हेही खरे.

पालघरची लेक

वरील तिन्ही उत्तरे मला पटली, तरी त्यांतून ‘काळजी नको’ असा सूर निघू नये म्हणून लिहिते. माझे माहेर बोईसरजवळ आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्यांतले लोक आमच्या ओळखीचे आहेत. त्यामुळे ‘सर्व काही सुरक्षित आहे’ हे वाक्य आमच्याकडे थोडे सावधपणेच ऐकले जाते.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 पासूनच्या आहेत आणि फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत, जरी आकाराने खूप लहान असल्या तरी. आणीबाणीचे नियोजन केंद्राभोवतीच्या 16 किलोमीटरच्या वर्तुळासाठी केलेले असते आणि वर्तुळाबाहेरील मुंबई सुमारे 100 किलोमीटरवर आहे. म्हणून मुंबई रिकामी करण्याची भाषा अतिशयोक्त आहे, हे मान्य. परंतु वारा परकाराने आखलेले वर्तुळ पाळत नाही. फुकुशिमात इताते हे गाव तीस किलोमीटरच्या पलीकडे होते. 15 मार्च 2011 ला वारा वायव्येकडे फिरला, त्याच वेळी पाऊस आणि बर्फ पडले, आणि ते गाव जवळच्या कित्येक गावांपेक्षा अधिक दूषित झाले. नामिए गावचे लोक तर धोक्यापासून दूर म्हणून ज्या भागात जाऊन राहिले, नेमका त्याच भागावरून तो ढग गेला. ढगाच्या मार्गाचे अंदाज काढणारी संगणकीय यंत्रणा सरकारकडे होती. तिचे निष्कर्ष या लोकांपर्यंत वेळेवर पोहोचले नाहीत. लोकांच्या मनातली चीड किरणांइतकीच या गोष्टीची आहे.

मुंबईच्या दृष्टीने मला टोकियोचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. ते शहर फुकुशिमाच्या केंद्रापासून 200 किलोमीटरहून दूर आहे आणि ते कोणी रिकामे केले नाही. पण 21 मार्चच्या सुमारास पाऊस झाला, नदीचे पाणी घेणाऱ्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात लिटरला 210 बेकेरेल आयोडीन आढळले, आणि तान्ह्या मुलांसाठी मर्यादा 100 असल्यामुळे 23 तारखेला बाळांना नळाचे पाणी देऊ नका असे जाहीर करावे लागले. दुसऱ्या दिवशी आकडा 79 वर आला. तो रोज मोजला जात होता आणि रोज सांगितला जात होता, म्हणून शहर सावरले.

आता आपला नकाशा काढा. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे तारापूरवरून निघालेली हवा मुंबईकडे न येता जव्हार-मोखाड्याच्या बाजूला जाईल. शहर वाचले असे वाटेल. पण त्याच बाजूला वैतरणेचे खोरे आहे, जेथून मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा येतो, आणि तो पावसाळाच असेल. हिवाळ्यात उत्तरेकडून वारे वाहतात तेव्हा उलट शहराकडे पाहावे लागेल. तलाव मोठे आहेत, पाण्यात बरेच काही विरळ होते, आयोडीन लवकर संपते, हे सगळे खरे असले तरी भांडुप आणि पांजरापूरच्या जलशुद्धीकरण केंद्रांवर आणीबाणीत किरणोत्साराची तपासणी कोण करील, किती वेळाने करील आणि आकडा कुठे जाहीर करील, हे नागरिकांना आज माहीत असायला हवे. 2012 मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनीच अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेविषयी कठोर शब्दांत लिहिले होते, तेव्हा असा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी घाबरट म्हणू नये.

राखेचा माणूस

ताईंनी वैतरणेचा मुद्दा काढला तो फार योग्य आहे, आणि तीस वर्षांत आमच्या चहाच्या टेबलावरही तो अनेकदा निघाला होता. एक भर घालतो: मोजणी मुळीच होत नाही असे नाही. तारापूरला पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा केंद्राच्या सुरुवातीपासून आहे, आणि देशभर प्रारणाची पातळी सतत नोंदवणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचे जाळे भाभा केंद्राने उभारले आहे. आम्ही आकडे इमानाने काढले; ते साध्या मराठीत, सूचनाफलकावर लावता येतील अशा रूपात लोकांपुढे आले पाहिजेत, हे काम आमच्या पिढीकडून राहून गेले. एखाद्या अन्नपदार्थाविषयी खरोखर शंका असेल तर वाशीच्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत निर्यातीच्या मालाची किरणोत्सारासाठी तपासणी होते, तेथे चौकशी करता येईल. त्यासाठी नमुना मात्र पुरेसा द्यावा लागतो. दोन बोंबील नेऊन चालत नाही.

चेंबूरची सचिव

सर्वांचे मनापासून आभार. काल ठराव मांडणाऱ्या काकांच्या घरी बसून ही सगळी उत्तरे त्यांना वाचून दाखवली. लोण्याच्या गोष्टीवर ते हसले, ग्रॅनाइटच्या गोष्टीवर गप्प झाले, आणि वैतरणेच्या परिच्छेदावर त्यांनी मला दोनदा थांबवून तो पुन्हा वाचायला लावला. यंत्राचा ठराव ते मागे घेणार आहेत, मात्र त्याऐवजी दुसरा ठराव यावा अशी त्यांची अट आहे: महापालिकेच्या जल अभियंता खात्याला संस्थेच्या नावाने पत्र लिहून, तारापूर येथे आणीबाणी उद्भवल्यास पिण्याच्या पाण्याची तपासणी कोणाकडून, किती तासांच्या अंतराने होईल आणि तिचे निकाल नागरिकांना कोठे पाहायला मिळतील, एवढे तीन प्रश्न विचारावेत, तीस दिवसांत उत्तर न आल्यास माहिती अधिकारात अर्ज करावा. अर्जाच्या दहा रुपयांवर सभेत कोणी हरकत घेणार नाही असे वाटते.

मिठाच्या पिशव्यांचे काय करावे हे त्या दुसऱ्या काकांनी अजून ठरवलेले नाही. आणि आज सकाळी मी स्वतः खाली जाऊन मांदेली घेतली, कारण गेल्या पंधरा दिवसांत आमच्या विंगेत कोळीणमावशींची टोपली कोणी उघडायलाच लावली नव्हती, आणि त्यांना त्याचे कारणही कोणी सांगितले नव्हते.